अप्पांचे कान

सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या आमच्या चाळीत सगळ्यात मोठा आवाज आमच्या खोलीतून यायचा, आणि तो भांडणाचा नसायचा. माय जेवताना अप्पांना "मीठ घ्या" म्हणायची, ते पार शेवटच्या खोलीतल्या हंसाबेनला ऐकू जायचं. एकदा तर ती खरंच वाटीत मीठ घेऊन आली आणि दारात उभी राहून आमच्या ताटांकडे बघत राहिली. आम्ही जातीचेच मोठ्याने बोलणारे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. खानदेशातली माणसं, शेताच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारायची सवय, असं माय शेजारपाजारच्या बायकांना हसत हसत सांगायची. मलाही ते पटायचं. आज मागे वळून बघते तेव्हा कळतं की, माय ते सांगताना अप्पांना झाकत होती.

अप्पा सायली गावातल्या एका कारखान्यात सूत फुगवायच्या यंत्रावर होते. एका लांबच लांब शेडमध्ये यंत्रांच्या रांगा, त्यावर हजारो रिळं एकाच वेळी गरगर फिरणारी, आणि त्या सगळ्याचा मिळून एक आवाज. लहानपणी डबा द्यायला मी फाटकापर्यंत जायची, तेव्हा शेडचं दार उघडलं की तो आवाज अंगावर यायचा, छातीत भरायचा. आत माणसं खुणांनी बोलायची. अप्पा कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही आठवलं तर. कामावरून आले की ओट्यावर बसून चहा घ्यायचे आणि पहिला तासभर त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हा घरचा नियम. "त्यांच्या डोक्यात अजून मशीन चालू आहे," असं माय म्हणायची. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. ती सगळी इथे तशीच लिहिली तर बऱ्याच वाचणाऱ्यांना अडखळायला होईल, म्हणून साध्या मराठीत लिहिते आहे; पण ज्याला ती येते त्याने मायचं बोलणं अहिराणीतच ऐकावं.

घर म्हणजे एक खोली आणि पुढचा ओटा. पण त्या एका खोलीत माय सगळा खानदेश घेऊन आली होती. सुट्टीत गावाहून येताना पत्र्याच्या डब्यात ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, उन्हात वाळवलेले बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, लाल मिरच्या, आणि वांग्याचा हंगाम असेल तर हिरवी, पांढुरकी भरताची वांगी. चाळीच्या मागे काटक्या पेटवून ती वांगी भाजायची, आणि तो वास सुटला की नाशिकचे, धुळ्याचे, जळगावचे एकटे राहणारे कामगार काही ना काही निमित्त काढून आमच्या ओट्यावरून जायचे. हंसाबेन कढी द्यायची, माय तिला ठेचा द्यायची, आणि दोघी एकमेकींच्या पदार्थाला नावं ठेवत तो संपवायच्या. उन्हाळ्यात वारली बायका टोपलीत ताडगोळे घेऊन यायच्या. अप्पा ते सोलून मला द्यायचे, स्वतः एकही खायचे नाहीत. मी काही विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघायचे आणि हसायचे. ते हसणं मला फार आवडायचं. ते उत्तराच्या जागी असायचं, हे फार उशिरा समजलं.

बारावीची परीक्षा झाली आणि मी एका लहान कारखान्यात कामाला लागले. गावाकडे चुलत्यांना ते आवडलं नाही, पण अप्पांनी हो म्हटलं. तिथे कानाची यंत्रं बनायची. तेव्हाची यंत्रं काडेपेटीहून थोडी मोठी; शर्टाच्या खिशात डबी अडकवायची आणि तिच्यातून निघालेली वायर कानातल्या बोंडापर्यंत न्यायची. आम्ही मुली एका लांब टेबलावर बसून बारीक भाग जोडायचो. कारखान्याचे मालक शेठ स्वभावाने मोकळे होते, सगळ्यांना नावाने हाक मारायचे. आणि तपासणीच्या खोलीत होत्या वसुधाताई. पुण्याहून आलेल्या इंजिनीअर, कॉटनची साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि मोपेडवरून येणं-जाणं. सिल्वासात तेव्हा मोपेडवरची साडीतली बाई दिसली की माणसं थांबून बघायची. त्यांनी कधी कोणाकडे पाहिलं नाही.

मी फार प्रश्न विचारते अशी माझी ख्याती होती. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "ताई, हे यंत्र आवाज मोठा करतं, मग बहिऱ्याच्या कानाजवळ ओरडलं तर तेच काम होत नाही का?" त्या हसल्या नाहीत. रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला आणि त्यावर कानाचं चित्र काढलं. बाहेरचा कान, पडदा, पडद्याला टेकलेली तीन इवलीशी हाडं, आणि आत गोगलगाईच्या शंखासारखा एक वेटोळा.

"या शंखात पाणी असतं," त्या म्हणाल्या, "आणि पाण्यात केसांसारखे बारीक तंतू. आवाजाने पाणी हललं की ते डोलतात, आणि मेंदूला कळतं काय वाजलं ते. शंखाच्या तोंडाजवळचे तंतू बारीक, चिरका आवाज ओळखतात. आतले जाड आवाज ओळखतात. आता सांग, रोज आठ तास मोठा आवाज आत शिरत राहिला तर आधी कोण झिजेल?"

"तोंडाजवळचे."

"झिजले की पुन्हा उगवत नाहीत. मग माणसाला ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो. पण स, श, च, क ही अक्षरं जातात. त्याला वाटतं लोक पुटपुटतात. आणि लोकांना वाटतं हा लक्ष देत नाही."

माझा घास हातात राहिला. मायचा आवाज जाड, तिचं अप्पांना निम्मं तरी कळायचं. माझा आवाज पातळ. आणि माझं नाव कुसुम. त्यातला क आणि स काढला तर काय उरतं, हे मी त्या पुठ्ठ्याकडे बघत मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

घरी येऊन मी मायला सांगितलं. ती तवा पुसत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू शाळेत होतीस तेव्हापासून. पण कारखान्यात कळलं तर बहिरा म्हणून काढून टाकतील त्यांना. तू कुठे बोलू नको."

मी बोलले. वसुधाताईंना सांगितलं, आणि त्या रविवारी स्वतः घरी आल्या. अप्पा आधी ऐकेनात. "माले ऐकू येस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ऐकू येतं. ताईंनी वाद घातला नाही. भाकरी मागून घेतली, ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, आणि निघताना म्हणाल्या, "अप्पा, तपासणीत जे निघेल ते तुमचं आणि माझं. कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही." अप्पांनी त्यांच्या ओठांकडे नीट बघून ते ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ते सरळ आमच्या कारखान्यात आले.

तपासणीसाठी तिथे एक लाकडी खोली केली होती, कपाटाहून थोडी मोठी, आतून गोधड्या ठोकलेल्या, एका बाजूला काच. अप्पा टोपी काढून आत बसले. कानावर हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर वसुधाताई खटके फिरवत होत्या आणि दुसरा हेडफोन त्यांनी माझ्या कानाला लावला होता. सुरुवातीला जाड, घुमणारे आवाज. अप्पांचं बोट लगेच वर. मग आवाज पातळ होत गेले. माझ्या कानात शिट्टीसारखा सूर वाजत होता, स्पष्ट, अगदी टोचणारा, आणि काचेपलीकडे अप्पा शांत बसून आमच्याकडे बघत होते, पुढचा आवाज कधी सुरू होणार याची वाट पाहत. ताईंनी तो वाढवला. अप्पा वाट बघतच होते. मग त्यांनी काचेतून मला विचारल्यासारखी भुवई उंचावली, संपलं का म्हणून. मी मान हलवली आणि हेडफोन काढून बाजूला ठेवला. मला पुढचं ऐकवेना.

अप्पा बाहेर आल्यावर ताईंनी सरळ सांगितलं. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं सांभाळायचं. यंत्र मदत करेल, पण अप्पांना बेताच्या ताकदीचं लागेल, आणि तसं नीट तपासून त्या स्वतः देतील. अप्पांनी फक्त एवढंच विचारलं, "मशीनवर जाता येईल ना?" ताई म्हणाल्या, "त्यावर नंतर बोलू."

मग ताई दोन-चार दिवसांसाठी पुण्याला गेल्या, आणि इकडे शेठना कोणाकडून तरी समजलं की कुसुमच्या वडिलांना ऐकू कमी येतं. त्यांनी अप्पांना बोलावून घेतलं आणि तयार मालातलं सगळ्यात जोरदार यंत्र त्यांच्या खिशात स्वतःच्या हाताने अडकवलं. "काका, आपली मुलगी इथे काम करते आणि तुम्ही बिना मशीनचे? लई जोरदार मॉडेल आहे. रांधा गावात बहिऱ्यांसाठी शिबिर आहे ना, तिथे हेच वाटणार आहोत." ते त्यांनी मनापासून दिलं, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

तशी संध्याकाळ आमच्या घरी पुन्हा कधी आली नाही. अप्पा ओट्यावर बसले, खटका फिरवला, आणि दचकले. "हे काय वाजतंय?" त्यांच्याच शर्टाचं कापड डबीवर घासत होतं. मग त्यांना स्टोव्हचा फुरफुर आवाज ऐकू आला. हंसाबेनच्या फोडणीचा तडतडाट आला. बिबडा मोडला तर त्यांनी दुसरा मोडून पाहिला, मग तिसरा, मायने डबाच उचलून आत नेला. मी नुसतीच बघत उभी होते. ते म्हणाले, "बोल की काही."

"काय बोलू?"

"काहीही. तुझं नाव सांग."

"कुसुम," मी म्हणाले.

"कुसुम," ते म्हणाले. हळू, स वर थांबून. बारशात मी होते पण ते मला आठवत नाही. माझं नाव ठेवलं गेलं असं मला वाटतं ते त्या ओट्यावर. माय दाराआड पदराने तोंड पुसत होती आणि त्या दिवशी आमच्या खोलीतून कोणालाही काही ऐकू गेलं नाही. हंसाबेन उठून विचारायला आली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी अप्पा ते यंत्र घालूनच कामाला गेले. सोबतच्यांना दाखवायचं होतं. शेडच्या आत गेल्यावर त्यांनी खटका चालू केला. किती वेळ चालू राहिलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. नंतर म्हणाले, कोणीतरी तापलेली सळई कानातून आरपार घातली असं झालं आणि बोंड काढायला हातच वळेना. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाने ते ओढून काढलं. दुपारी त्यांना दोघांनी धरून घरी आणलं. चालताना तोल जात होता. मायने हाक मारली, तर त्यांनी मान वळवली नाही. ती आणखी मोठ्याने ओरडली. मग मी. अप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि कानात भोंगा वाजतोय, भोंगा बंद करा, एवढंच म्हणत होते. आदल्या दिवशी बिबड्याचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला आता मायचा जाड आवाजही पोचत नव्हता. मायने हाका मारणं सोडलं. बोलून उपयोगच नव्हता. ती त्यांच्या शेजारी बसून राहिली, हातात हात धरून.

वसुधाताई परतल्या आणि बॅग खांद्यावर असतानाच आमच्या खोलीत आल्या. अप्पांना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. विश्रांती द्या, आवाजापासून लांब ठेवा, किती परत येईल ते बघू, असं डॉक्टर म्हणाले. ताई ते यंत्र घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा त्या यंत्रांचा आवाज मोजायच्या पेटीसमोर उभ्या होत्या. यंत्राला पेटीत जास्तीत जास्त आवाज दिला, तर मीटरची सुई जिथे थांबायला हवी त्याच्या खूप पुढे गेली. त्यांनी त्याच खोक्यातली आणखी काही यंत्रं लावली. काही बरोबर, काही तशीच. नेहमीचा एक भाग बाजारात मिळाला नव्हता म्हणून या मालासाठी दुसरा आणला होता. आवाज एका मर्यादेपलीकडे जाऊ न देणं हे त्या भागाचं काम, आणि तो ते करत नव्हता.

पुढच्या आठवड्यात ताई शेठशी बोलायला गेल्या, तेव्हा केबिनच्या दाराशी मी उभी होते. ताई म्हणाल्या, "हा लॉट रांध्याला जाणार नाही."

"बेन, शिबिर भरवणाऱ्या मंडळाला शब्द दिलाय. पत्रकं वाटून झाली. आणि कोण तपासायला येणार आहे? याला परवाना लागतो? कायदा दाखवा मला."

"कायदा नाहीच. म्हणून तर आपल्याला थांबावं लागेल."

"ते काका मशीनमध्ये घालून गेले, त्याला मी काय करू?"

तेवढ्यात माझ्या मागून अप्पा आत आले; पेटीत काय निघालं ते मी त्यांना घरी खुणांनी सांगितलं होतं. आठवडाभराने त्यांना थोडं थोडं ऐकू यायला लागलं होतं, पूर्वीपेक्षा कमीच. ते असे कोणाच्या केबिनमध्ये न विचारता शिरणारे नव्हते. टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि स्वतःला ऐकू येत नसल्याने फार मोठ्याने बोलले. बाहेरच्या टेबलावरच्या मुलींचे हात थांबले.

"शेठ, तुम्ही प्रेमाने दिलं. शेडमध्ये घालून गेलो ती माझी चूक. पण रांध्याची एखादी म्हातारी हे घालून रस्त्यावर उभी राहील आणि बाजूने ट्रकवाला हॉर्न मारेल, तर तिची काय चूक? मला निदान सांगता येतं काय झालं ते. ती कोणाला सांगायला जाईल?"

शेठनी टेबलावरचं पत्रक उचलून खणात टाकलं. मग त्यांनी ताईंना विचारलं, "सगळी उघडायला किती दिवस लागतील?" गुजरातीत विचारलं. त्यांना राग आला किंवा वाईट वाटलं की ते गुजरातीत जायचे. त्या वेळी यातलं काय होतं ते मला ओळखता आलं नाही. शिबिर पुढे ढकललं गेलं. आम्ही मुलींनी एकेक डबी उघडून तो भाग बदलला आणि प्रत्येक यंत्र पेटीत लावून सुई पाहिली. शेठ त्यानंतर ताईंशी कामापुरतंच बोलायचे. पुढच्या वर्षी ताई पुण्याला परत गेल्या. कारण हेच होतं का, मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

अप्पा मशीनवर परत गेले नाहीत. स्वतःच सुपरवायझरला जाऊन सांगितलं की मला ऐकू येत नाही. मायने किती वर्षं लपवलेली गोष्ट त्यांनी एका सकाळी सांगून टाकली. त्यांना काढलं नाही, गोदामात टाकलं. मशीनवाल्यांचा जो मान असतो तो गेला, आणि काही दिवस ते ओट्यावर न बसता आत बसायचे. पावसाळा सरता सरता ताईंनी त्यांना बेताच्या ताकदीचं यंत्र दिलं, समोर बसवून पुन्हा पुन्हा तपासलेलं. त्यात बिबडा ऐकू येत नव्हता. माझ्या नावातला स येत नव्हता. पण समोरासमोर बसून बोललं तर बोलणं कळायचं, आणि कळलं नाही तर ते आता हसून वेळ मारून न नेता "काय?" म्हणायला लागले. आमच्या घरात तो मोठाच बदल होता. गर्दीत, गोंगाटात, वाहनांजवळ यंत्र बंद करून बोंड काढून ठेवायचं, असं ताईंनी बजावलं होतं, आणि अप्पा ते देवाच्या नेमासारखं पाळायचे.

पुढची माझी सगळी वर्षं याच कामात गेली. माणसाच्या शरीराला जोडायची यंत्रं तपासायची. कुठे सुई, कुठे पडदा, कुठे नुसते आकडे. आता नियम आहेत, परवाने आहेत, जाडजूड फायली आहेत. तरुण इंजिनीअर मुलं कंटाळून विचारतात, मॅडम, एवढं कशाला? मी त्यांना नियम वाचून दाखवत नाही. माझे वडील एक संध्याकाळभर सगळं ऐकत होते, हे सांगते. मग कोणी फारसं विचारत नाही.

मला मुंबईला या विषयाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तो ताईंनी अभ्यास करून घेतला म्हणून. जायच्या दिवशी अप्पा मला सोडायला वापीला आले. माय आली नाही. तिने डबा बांधून दिला आणि स्टोव्हकडे तोंड करून बसली. प्लॅटफॉर्मवर बरीच गर्दी होती. मी काय काय बोलायचं ते रस्ताभर मनात जुळवत आले होते. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली, म्हणजे मला आली, आणि अप्पांनी लोकांची पांगापांग बघून ओळखलं. त्यांनी बोंड काढलं, वायर गुंडाळली, डबी बंद करून खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं. गाडी धडधडत आत आली. मी दारात उभी राहून सगळं बोलले, सगळं, अगदी ठरवलेलंही आणि न ठरवलेलंही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि हलत्या गर्दीत त्यांना माझे ओठही धड दिसत नव्हते. यंत्र लावा असं मी खुणेने म्हणाले. त्यांनी इंजिनाकडे बोट दाखवून मान हलवली. नाही म्हणजे नाही.

गाडी हलली तसे ते दोन पावलं सोबत चालले, आणि आपला आवाज किती आहे हे ज्याला कळत नाही अशा माणसाच्या पूर्ण ताकदीने ओरडले, "येळवर जेवत जाजो!"

सगळा डबा माझ्याकडे बघायला लागला. कॉलेजात जाणारी, नवी कोरी बॅग घेतलेली, अठरा वर्षांची मुलगी मी. मी दाराबाहेर वाकले आणि तितक्याच मोठ्याने ओरडले, "हो!"